जावा बेटावर दीड महिन्याची इंग्रजीची बाई



आपल्या अंकात माती परीक्षण, खोडव्याची निगा, पाचट न जाळण्याचे फायदे आणि गुणवंत पाल्यांचे फोटो नेहमी येतात. मागच्या महिन्यात शेतकी ऑफिसात बसलो होतो, तेव्हा संपादक म्हणाले, "तुमची भाची परदेशात जाऊन इंग्रजी शिकवून आली, ते लिहून द्या की." मी म्हटले, "अहो, ती गोष्ट २०१७ सालची. शिळी झाली." त्यावर ते म्हणाले, "शिळ्या उसाचं वजन घटतं, गोष्टीचं नाही घटत." म्हणून हा प्रपंच. ऊस नोंदीचा फॉर्म भरण्यापलीकडे मी लेखणी धरलेली नाही. गोड मानून घ्यावे.

माझी धाकटी बहीण नवापूरला दिली आहे. साखर कारखान्याच्या माणसाला नवापूर म्हटले की नंदुरबारकडचे आठवते, पण हे ते नव्हे. हे पालघर जिल्ह्यातले, बोईसर स्टेशनावरून पश्चिमेला गेले की समुद्राच्या काठी लागणारे गाव. मेहुणे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र, १९६९ पासून चालू. तिकडे ऊस औषधालाही नाही. भात, मासे आणि फॅक्टऱ्या. भाची तिथल्या मराठी शाळेत शिकली आणि मे महिना मात्र दर वर्षी आमच्याकडे. म्हणजे एक पाय खाऱ्या पाण्यात आणि एक पाय पाटाच्या पाण्यात अशी ही पोर.

२०१७ साली ती इंग्रजी विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या परीक्षेला बसली. पेपर संपायच्या आधीच फोन आला. "मामा, सुट्टीत इंडोनेशियाला जाऊ का? सहा आठवडे इंग्रजी शिकवायचं आहे." मी विचारले, "पगार किती?" म्हणाली, "पगार नाही. आपणच जायचं. राहणं-जेवण तिथलं एक घर करतं." मुंबईतल्या एका विद्यार्थी संघटनेमार्फत अशी पोरे-पोरी सुट्टीत वेगवेगळ्या देशांत जातात. कुणी शाळेत शिकवते, कुणी झाडे लावते. संघटनेची फी, विमान, व्हिसा, विमा आणि हातखर्च धरून ६८ हजारांचा आकडा निघाला. आपण ऊसवाले, आपला हिशेब टनात. टनाला अडीच हजार धरले तर २७ टन ऊस. आमच्या घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. बायको म्हणाली, "पगार द्यायचा सोडून पगार घेणारी ही कसली नोकरी?" चूक नव्हते तिचे. शेवटी निम्मे मेहुण्यांनी घातले आणि निम्मे मी दुसऱ्या हप्त्यातून दिले. आबा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा ८५ वर्षांचे होते. कारखान्याच्या पहिल्या शेअरवाल्यांतले. ते एवढेच म्हणाले, "जावाला चाललीय का? आपल्या लहानपणीचा ऊस तिकडचाच होता म्हणतात. बघून ये म्हणावं."

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांची पोरे आता बाहेर जायचे म्हणतात. भारतीय माणसाला त्या वेळी इंडोनेशियात ३० दिवस फुकट फिरायला जाता येत होते. पण त्यावर शाळेत शिकवायला उभे राहता येत नव्हते. ते फिरणाऱ्याचे कागद. तिला तिथल्या यजमानाचे पत्र घेऊन सामाजिक-सांस्कृतिक कामाचा ६० दिवसांचा वेगळा व्हिसा काढावा लागला. बरोबरच्या एका मुलाने "कोण विचारतंय" म्हणून तो काढला नाही आणि महिनाभर शाळेच्या दारात कोणी सरकारी माणूस दिसला की त्याच्या पोटात गोळा यायचा.

मुंबईहून क्वालालंपूर, तिथून सुरबाया, आणि सुरबायाहून ९० किलोमीटरवर मलंग. मलंग शहर थोडे उंचावर, हवा थंड. शहराच्या दक्षिणेला उसाचा पट्टा आहे, त्यातल्या एका गावातली सातवी ते नववीची शाळा तिच्या वाट्याला आली. जावा बेट आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, पण माणसे आपल्याहून जास्त. चौदा कोटींच्या वर. मोकळी जागा म्हणून दिसत नाही. भात, ऊस, मका आणि घरे. घरात तीन वेळा भात, नारळ, मिरची आणि बाजारात वाळलेल्या खाऱ्या माशांचे ढीग. नवापूरच्या पोरीला तो वास आला आणि म्हणाली, "मामा, मी परदेशात आहे असं वाटेचना." आमच्याकडची एखादी पोर असती तर नाकाला पदर लावून परत आली असती.

शाळेच्या फाटकावर मोठा फलक लावला होता. त्यावर स्वागताचे चार शब्द, आणि खाली इंग्रजीत "नेटिव्ह स्पीकर" येणार असे छापलेले. म्हणजे जिची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी बाई. पोरांच्या डोळ्यांसमोर गोरी, सोनेरी केसांची बाई होती. तिथे गोऱ्या परदेशी माणसाला "बुले" म्हणतात. फाटकातून उतरली ती आमची सावळी, वेणी घातलेली भाची. जावाची माणसे फार मऊ. तोंडावर नाही म्हणत नाहीत, हसतात. मुख्याध्यापक हसले, शिक्षक हसले. पण पोरे ती पोरेच. सातवीतल्या एका मुलीने पहिल्याच तासाला विचारले, "मिस, यू नॉट बुले?"

त्या रात्री तिने फोन केला तेव्हा आवाज बारीक होता. "मामा, यांना फसवल्यासारखं वाटतंय. माझं इंग्रजी शिकलेलं आहे, जन्माचं नाही." मी काय सांगणार? आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलो आणि आजही बँकेचा कागद मुलाकडून वाचून घेतो. ही पिढी पहिलीपासून शिकली, कारण २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आले. तरी कॉलेजात गेल्यावर पहिले वर्षभर ती शेवटच्या बाकावर बसायची, बाईंनी नाव घेतले की छातीत धडधड. बोईसर ते पालघर लोकलमध्ये इंग्रजी पेपर वाचून, पुटपुटून, चुकून तिने ते इंग्रजी कमावलेले. जन्माचे नाही हे खरेच. मी म्हटले, "बाळ, विहीर वारशाने आलेली असो की स्वतः खणलेली, पाणी लागलं म्हणजे झालं." फोन ठेवल्यावर मलाच वाटले, हे पाणी त्या पोरांना पुरेल का?

पहिला आठवडा वाया गेला असे तीच म्हणते. एका वर्गात ३६ मुले, असे तीन वर्ग. शाळा सकाळी सातच्या आत भरते. पोरे बाईचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात, आपल्याकडे पाया पडतात तसे. शिस्त उत्तम. पण तोंड उघडायचे नाव नाही. संघटनेने खेळांची एक जाडी फाईल दिली होती. चेंडू फेका, रंग ओळखा, गाणे म्हणा. पोरे गाणे म्हणायची आणि मग प्रश्न विचारला की मान खाली. त्यांच्याकडे "मालू" म्हणून शब्द आहे, लाज. चुकलो तर चार जणांत हसे होईल ही लाज. हे आपल्याकडेही काय कमी आहे? वार्षिक सभेत शंभर जणांच्या मनात प्रश्न असतो आणि उठतो एक.

दुसऱ्या सोमवारी तिने फाईल बाजूला ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी ती यजमानीण बाईबरोबर बाजारात गेली होती. दुकानात पाटी होती "गुला". विचारले तर साखर. तिच्या डोक्यात एकदम गूळ आला. आणि खरेच, त्यांचा "गुला" आपल्या संस्कृतातल्या गुडावरूनच गेलेला. मग ती शब्द वेचू लागली. भाषेला ते "बहासा" म्हणतात, नावाला "नामा", शिक्षकाला "गुरु", विद्यार्थ्याला "सिस्वा", गावाला "देसा", बायकोला "इस्त्री", नवऱ्याला "सुआमी", किमतीला "हार्गा" म्हणजे आपला अर्घ. पैशालाही "रुपिया". फक्त आपल्या एका रुपयाला त्यांचे दोनशेवर येत होते, त्यामुळे ती दोन दिवस लखपती होती.

सोमवारी तिने फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात त्यांचा शब्द, दुसऱ्यात आपला, तिसऱ्यात इंग्रजी. पोरांना कळेना, ही हिंदुस्थानची बाई आपले शब्द कुठून सांगते आहे. मग तिने साखर घेतली. इंग्रजीतला "शुगर" हा शब्द आपल्या शर्करेचा नातू आहे. शर्करा इराणात गेली, तिथून अरबांकडे, तिथून युरोपात आणि शेवटी इंग्रजांच्या चहात. "कँडी" म्हणजे आपली खांड. उसाच्या शेतांनी वेढलेल्या शाळेत तिने फळ्यावर लिहिले, शर्करा, शुगर. खांड, कँडी. गुड, गुला. आणि म्हणाली, "हे इंग्रजी जेवढं गोऱ्यांचं, तेवढं थोडं आपलंही आहे. घ्यायला लाजायचं कशाला?" तिसऱ्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "मिस, मोर!" आणखी सांगा म्हणून. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्गात स्वतःहून उच्चारलेला तो पहिला इंग्रजी शब्द.

त्यानंतर गाडी रुळावर आली. त्यांच्या भाषेत तो आणि ती असा भेद नाही, दोघांनाही "दिया". त्यामुळे पोरे मुख्याध्यापकांना बिनदिक्कत "शी" म्हणायची. आपल्याकडे तो, ती आणि ते असे तीन, म्हणून तिला ते सोपे. पण इंग्रजीतले "अ" आणि "द" कुठे लावायचे हे आपल्या भाषेत नाही आणि त्यांच्याही नाही. तिने वर्गात सरळ सांगून टाकले, "हे मलाही अजून चुकतं." आणि मागे एक कागद चिकटवला. बाईची चूक ज्याला सापडेल त्याने त्यावर रेघ मारायची. पहिल्या आठवड्यात अकरा रेघा झाल्या. त्यांतल्या सात खऱ्या होत्या. ज्या पोरांना बोलायची लाज वाटत होती ती बाईची चूक पकडायला टपून बसली, आणि चूक पकडायची तर इंग्रजीतच सांगावी लागे. मला विचाराल तर त्या सहा आठवड्यांतले खरे काम या कागदाने केले. नेटिव्ह बाईला हा कागद लावता आला नसता. कुठे पाय घसरतो हे तिला ठाऊक असते कुठून? ती त्या वाटेने चाललेलीच नसते.

मधल्या काळात २ मे आला. त्या दिवशी त्यांचा राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. की हाजर देवांतारा नावाच्या त्यांच्या शिक्षणतज्ज्ञाचा तो जन्मदिवस. डच सरकारने त्यांना हद्दपार करून हॉलंडला पाठवले, तिथे त्यांनी फ्रेबेल, माँटेसरी यांच्या पद्धती अभ्यासल्या आणि परत येऊन १९२२ साली योग्यकार्ता इथे "तामान सिस्वा" म्हणजे शिष्यांची बाग या नावाने शाळा काढल्या. शिक्षकाने मुलाच्या मागे उभे राहून त्याला बळ द्यावे असे त्यांचे म्हणणे, आणि ते आज त्यांच्या शिक्षण खात्याच्या बोधचिन्हावर आहे. शाळेतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी तिला जपून ठेवलेली जुनी २० हजार रुपियाची नोट दाखवली. १९९८ सालची, चलनातून गेलेली. तिच्यावर देवांतारा आणि बाजूला चक्क आपला गणपती! मुसलमान देशाच्या नोटेवर गणपती म्हटल्यावर आमच्या आबांनी हे दोनदा विचारून खात्री केली. तिला मात्र कोसबाड आठवले. त्यांच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केले होते. १९४५ साली बोर्डीला अंगणवाडी, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुले गुरे घेऊन रानात जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या मागे रानात न्यायची. तिला कुरणशाळा म्हणत. कॉलेजच्या सहलीत हे बघितले तेव्हा पोरगी फोटो काढून परत आली होती. अर्थ लागला तो जावात.

आता उसाचे सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. तिथे गळीत हंगाम मे-जूनला सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपतो, म्हणजे आपल्या उलटा. आपण बॉयलर अग्निप्रदीपन करतो, गव्हाणीत मोळी टाकतो. ते चक्क उसाचे लग्न लावतात! दोन चांगले ऊस निवडायचे, एकाला नवरा करायचे, एकीला नवरी, नावे ठेवायची, कपडे घालायचे, वाजतगाजत कारखान्यात आणायचे आणि पहिला मान त्यांचा, गव्हाणीत. शाळेने पोरांना ते बघायला नेले होते. भाची म्हणाली, वऱ्हाडात मीच जास्त हसत होते. शेतकऱ्याला तिथे बहुधा निघालेल्या साखरेतला वाटा मिळतो, शंभरातले ६६ साधारण. उतारा सात-आठ टक्के. आणि उतारा कारखानाच मोजतो, मग खरा किती कुणाला ठाऊक, ही कुरकुर तिथेही आहे. यावर मी काही बोलत नाही, अंक कारखान्याचा आहे.

एका रविवारी ती पासुरुआनला गेली. मलंगपासून साठेक किलोमीटर. तिथे डचांनी १८८७ साली काढलेले ऊस संशोधन केंद्र आहे. बाहेरूनच बघितले, पण पाटीवरच्या जुन्या नावाची माहिती काढून तिने रात्री आबांना फोन लावला. "आबा, पीओजे म्हणजे काय ठाऊक आहे का? प्रूफस्टेशन ऊस्ट जावा. पूर्व जावाचं प्रयोग केंद्र." फोनवर आबा बराच वेळ गप्प. त्यांच्या लहानपणी पुंड्या मागे पडून आपल्या भागात पीओजे २८७८ आला होता. आजोबा, पणजोबा सगळे "पीओजे, पीओजे" म्हणत, पण त्या तीन अक्षरांचा अर्थ गावात कुणालाच ठाऊक नव्हता. पुढे कोइमतूरला याच पीओजे २८७८ पासून को ४१९ तयार झाला, मग ७४०, मग ६७१, ८६०३२, २६५ हे तुम्ही जाणताच. आबा २०२० मध्ये गेले. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "पीओजे म्हणजे काय, सांगा बरं?"

या जावाची दुसरी बाजूही आहे. १८३० पासून डचांनी गावोगावच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा पिकांना सक्तीने घ्यायला लावला. शंभर वर्षांनी जावा वर्षाला सुमारे ३० लाख टन साखर करत होते आणि निर्यातीत क्यूबाच्या खालोखाल होते. आज तोच देश जगातल्या मोठ्या साखर आयातदारांत आहे. आपल्याकडे शेतकऱ्याचा स्वतःचा कारखाना प्रवरेला १९५० साली उभा राहिला, त्याची किंमत अशा वेळी कळते. असो.

पुन्हा शाळेत येतो, कारण खरी गोष्ट तिथेच राहिली. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. बाप ऊसतोडीला जाणारा. तीन आठवडे हा पोरगा एक अक्षर बोलला नाही. चौथ्या आठवड्यात "माझे घर" यावर प्रत्येकाने दोन वाक्ये सांगायची होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माय फादर कट केन. ही गो वेन स्टिल डार्क." माझा बाप ऊस तोडतो, अंधार असतानाच जातो. चुका होत्या. कुणीही कागदावर रेघ मारायला उठले नाही.

त्याची वही बघायला म्हणून तिने घरी नेली. वहीच्या सुरुवातीला "माय नेम इज" असे एका बाईच्या अक्षरात कित्ता घालून दिलेले. पुढे रंगांची नावे, शरीराचे अवयव, एक गाणे. मग चार कोरी पाने. मग पुन्हा "माय नेम इज", वेगळ्या अक्षरात. पुन्हा रंग, पुन्हा तेच गाणे. मग कोरी पाने. मग तिसरे अक्षर. चौथ्या ठिकाणी तिचे स्वतःचे अक्षर होते, "माय नेम इज". दीड वर्षात तिच्यासारख्या तीन जणी येऊन गेल्या होत्या. प्रत्येकीने हौसेने पहिल्यापासून सुरू केले, फोटो काढले आणि सुट्टी संपली तशी गेली. पोरगा चार वेळा पेरला आणि एकदाही काढणीला आला नाही.

हे सांगताना आजही तिचा चेहरा उतरतो. "मामा, मी २७ टन उसाचे पैसे घालून चौथ्यांदा तेच शिकवलं." संघटनेचा हेतू वाईट नव्हता, शाळेचाही नव्हता. पण आधीच्या बाईने काय शिकवले हे पुढच्या बाईला सांगायची सोयच कुणी केली नव्हती. शेवटचे दोन आठवडे तिने शिकवणे कमी केले आणि तिथल्या कायमच्या इंग्रजी शिक्षिकेबरोबर बसून एक रजिस्टर केले. प्रत्येक मुलापुढे, काय येते, कुठे अडतो, पुढे काय घ्यायचे. चुकांचा कागद कसा चालवायचा ते त्या बाईंना दाखवले. आधी त्या नको म्हणत होत्या, शिक्षकाची चूक विद्यार्थ्याने काढणे तिथे फार अवघड. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या नावावर दोन रेघा पडल्या आणि त्याच सगळ्यांत जास्त हसल्या. निघायच्या दिवशी तो आठवीचा मुलगा फाटकाशी उभा होता. त्याने विचारले, "नेक्स्ट मिस, हू?" पुढची बाई कोण?

परत आल्यावर पेपरमध्ये नाव वगैरे आले. मग तिलाही वाटले, हेच पगार घेऊन करावे. तेव्हा नियम कळले. दक्षिण कोरियाच्या इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसाला सात देशांची यादी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० साली लागू झालेल्या आपल्याशी व्यापार करारामुळे भारतीयांसाठी एक खिडकी उघडली, पण तिला अध्यापनाची पात्रता लागते. म्हणजे आधी बी. एड. त्याच सुमारास एका शहरातला एजंट भेटला. अडीच लाख द्या, चीनमध्ये इंग्रजीची नोकरी, पगार आपला लाखाच्या घरात. खरे सांगतो, मी तयार झालो होतो. सोसायटीत जाऊन विचारूनही आलो होतो. पोरीने व्हिसाचा कागद मागितला. त्यावर शिक्षकाचा नाही, धंद्याचा व्हिसा लिहिला होता. तिने हात जोडले आणि उठली. परदेशी नोकरी लावणाऱ्याला १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची नोंदणी लागते, नोंदणीवाल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, आणि त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी एवढीच आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. २०२२ साली थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली पोरांना म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या बातम्या आल्या, परराष्ट्र खात्याने सावध केले, तेव्हा मी त्या अडीच लाखांची आठवण काढून देवाला दिवा लावला.

भाचीने बी. एड. केले आणि आता पालघर जिल्ह्यातच एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती आली तेव्हा टोळ्या नुकत्या उतरल्या होत्या. माझ्या प्लॉटशेजारीच कोप्या. संध्याकाळी फिरायला म्हणून गेली ती दोन तास आली नाही. आली ती एका पोराची वही घेऊन. बीडकडचा पोरगा, चौथीतला. वहीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत व्यवस्थित अभ्यास. मग कोरी पाने. तिने मागची दप्तरातली वही मागवली, तिसरीची. तिथेही तेच. दुसरीची उंदरांनी खाल्ली होती. ती म्हणाली, "मामा, तिथे बाई जात होती. इथे पोरगं जातं. वही तीच आहे."

मला हे बोलणे लागले, ते कबूल करतो. साखर शाळा हा शब्द आपल्याला नवा नाही. कायद्याने आता अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घ्यायचे आहे, आणि गाव सोडताना त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यावे अशी सोयही आहे. पण आपल्या उसाची तोड आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. शाळा तीन किलोमीटर, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोण? पोरगे शाळेत जावे म्हणून मी तरी कधी टोळीला एक दिवस थांबवले आहे का? नाही. ऊस वाळतोय म्हणून मुकादमालाच शिव्या घातल्या आहेत.

सुट्टीचे पंधरा दिवस मी शिकवते असे भाची म्हणाली नाही, हे मला विशेष वाटले. पंधरा दिवसांची बाई म्हणजे सहा आठवड्यांच्या बाईचीच धाकटी बहीण, असे तिचे म्हणणे. तिने आमच्या वस्तीवरची बारावी झालेली एक मुलगी गाठली, जी मार्चपर्यंत गावातच असणार, आणि तिला रजिस्टर आखून दिले. मुलाचे नाव, गाव, गावच्या शाळेच्या गुरुजींचा फोन, काय येते, कुठे अडतो. आठवड्याला एकदा नवापूरहून फोन. कोपीवर संध्याकाळी दीड तास, कंदिलाऐवजी बॅटरीचा दिवा. पहिल्या हंगामात १९ नावे होती, त्यांतली १२ शेवटपर्यंत टिकली. मार्चमध्ये टोळ्या उठल्या तेव्हा त्या मुलीने बारा जणांच्या गुरुजींना फोन करून सांगितले, हा अमुक धड्यापर्यंत आला आहे, पुढचे घ्या. दोघांनी फोन उचलला नाही. एकाने उलट विचारले, "तुम्ही कोण?"

मागच्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत मी उठून दोन गोष्टी मागितल्या. केन यार्डाच्या मागची बंद खोली, आणि हंगामापुरते त्या मुलीला मानधन. चेअरमन साहेबांनी विषय संचालक मंडळापुढे ठेवतो म्हणून सांगितले आहे. मंडळाची बैठक दसऱ्याच्या आधी आहे. भाचीची सुट्टी लागली की ती बोईसरहून येईल. खोलीची किल्ली टाइमकीपरकडे असते, आणि आत सध्या जुने वजनकाट्याचे सामान भरले आहे.